अँगोस्टुरा बिटर्स आणि घरच्या घरी पिंक जिन

जिन आणि बिटर्स (कडू वनस्पतींचा मद्यार्कात काढलेला अर्क) एवढ्या दोनच गोष्टींतून तयार होणारी पिंक जिन घरी करावयाची असेल, तर अँगोस्टुरा अ‍ॅरोमॅटिक बिटर्सची बाटली विकत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बाजारात ‘पिंक जिन’ या नावाने स्ट्रॉबेरीच्या स्वादाची, गोडसर आणि तयार गुलाबी बाटली मिळते. तिचा या पेयाशी नावापलीकडे संबंध नाही. मूळ पेयात साखर नसते, फळाचा रस नसतो आणि सोडाही नसतो. त्यामुळे जिनचा दर्जा आणि बिटर्सचे प्रमाण यांपैकी काहीही चुकले, तर ते झाकण्याची सोय उरत नाही.

हे बिटर्स मुळात औषध म्हणून तयार झाले. योहान सीगर्ट हे जर्मन डॉक्टर व्हेनेझुएलात, स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते सिमोन बोलिव्हार यांच्या सैन्यात शल्यचिकित्सक होते आणि सैनिकांच्या पोटाच्या तक्रारींवर उपाय शोधताना १८२४ मध्ये अँगोस्टुरा या गावी त्यांनी हा अर्क सिद्ध केला. त्या गावाला आज सियुदाद बोलिव्हार म्हणतात आणि १८७५ पासून बिटर्सचे उत्पादन त्रिनिदादमध्ये होते. ब्रिटिश नौदलातील अधिकाऱ्यांनी हे कडू औषध घशाखाली उतरावे म्हणून ते जिनमध्ये घालण्यास सुरुवात केली, आणि १७९३ पासून इंग्लंडमधील प्लिमथ बंदरात गाळली जाणारी जिन त्यांच्या हाताशी असल्याने पिंक जिनचे नाते प्रामुख्याने तिच्याशी जुळले.

पाककृती गुप्त असली तरी तिच्यात जेन्शियन या कडू वनस्पतीचे मूळ असल्याचे बाटलीवरच नमूद केलेले असते. आपल्याकडचे काडेचिराईत याच वनस्पतिकुलातले आहे, आणि लहानपणी तापात ज्यांना त्याचा काढा घ्यावा लागला असेल त्यांना या कडूपणाची जात लगेच ओळखू येईल. मात्र येथे तो कडूपणा एकटा येत नाही. लवंग आणि दालचिनीची आठवण करून देणारा सुगंध आधी येतो, कडवटपणा नंतर जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो, आणि जिनमधील जुनिपर या बोरांसारख्या फळाचा राळेसारखा वास या दोहोंच्या मधे उभा राहतो. हा क्रम नीट लागणे, यातच या पेयाचे सारे सुख आहे.

त्यासाठी पेला आणि जिनची बाटली दोन्ही आधी फ्रीझरमध्ये ठेवावीत. थंड पेल्यात बिटर्सचे ४ डॅश (बाटलीचे चार झटके) घालून तो तिरका धरून फिरवावा, म्हणजे आतील काचेवर तांबूस थर चढतो. ज्यांना हलकी चव हवी त्यांनी उरलेले बिटर्स ओतून द्यावेत, ज्यांना ठसठशीत हवी त्यांनी तसेच राहू द्यावेत. नौदलात या दोन्ही पद्धती होत्या. मग ६० मिलिलिटर जिन दुसऱ्या भांड्यात भरपूर बर्फावर सुमारे अर्धा मिनिट ढवळून, गाळून पेल्यात घ्यावी. ढवळण्याचा कंटाळा करू नये, कारण बर्फाचे जे थोडे पाणी जिनमध्ये उतरते त्यानेच तिचा तिखटपणा निवतो आणि सुगंध मोकळा होतो. वर लिंबाची साल पिळण्याची रीत आहे, पण आपल्या कागदी लिंबाची साल फार पातळ असल्याने मी मोसंबीची साल पसंत करतो.

एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे लागते. डॅश हे काही काटेकोर माप नव्हे. भरलेल्या बाटलीतून येणारा डॅश आणि अर्धी झालेल्या बाटलीतून येणारा डॅश यांत सहज फरक पडतो, आणि इतक्या साध्या पेयात तो लगेच जाणवतो. म्हणून पहिल्यांदा करताना बिटर्स छोट्या चमच्यात मोजून घ्यावेत आणि पाव चमच्यापासून सुरुवात करावी. बाटलीपेक्षा मोठे, मानेपर्यंत चढलेले कागदी लेबल मात्र दोष समजू नये. ती या कंपनीची जुनी ओळख आहे.

जिनच्या निवडीबाबत माझे मत ठाम आहे. जुनिपर ठळक असलेली, ‘लंडन ड्राय’ पद्धतीची कोरडी जिनच येथे शोभते, आणि गोव्यात तयार होणारी ‘ग्रेटर दॅन’ या कामी उत्तम आहे. गोव्याचीच ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ टॉनिकबरोबर मला अधिक आवडते, परंतु तिच्यात मसाले आणि लिंबूवर्गीय साली आधीच पुढे असल्याने बिटर्सशी तिची थोडी गर्दी होते.

बिटर्सची आयात केलेली बाटली महाग वाटते खरी, पण २०० मिलिलिटरच्या बाटलीत पन्नासच्या आसपास पेले होतात आणि ४४.७ टक्के अल्कोहोलमुळे ती फ्रिजबाहेरही वर्षानुवर्षे टिकते. लिंबू-सोड्यात तिचे दोन-तीन थेंबही सुरेख लागतात. मात्र मद्य पूर्णपणे वर्ज्य असलेल्या पाहुण्याला तो सोडा देण्यापूर्वी त्यात बिटर्स आहेत हे अवश्य सांगावे.