दीड लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीला ५डब्ल्यू-३० की १०डब्ल्यू-४०?

गाडी पेट्रोलची, २००९ची, मीटर दीड लाखाच्या बराच पुढे, आणि विकायचा विचार नाही. अशा गाडीच्या मालकापुढे इंजिन ऑइल बदलीच्या दिवशी तीन डबे येतात: फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३०, सेमी सिंथेटिक १०डब्ल्यू-४० आणि साधं मिनरल २०डब्ल्यू-५०. मी तिन्ही घालून पाहिली आहेत. मोजमाप काही केलेलं नाही. नाक, कान आणि ऑइलची गेज पट्टी यांच्या भरवशावर सांगतो आहे, तेवढं धरून वाचा.

२०डब्ल्यू-५० आधी बाजूला काढतो. "काका, वय झालंय तिचं, आता जाड ऑइल टाका," हा सल्ला साताऱ्यात वाढे फाट्यापासून एमआयडीसीपर्यंत कुठल्याही गॅरेजवर मिळेल, आणि तो अगदीच चुकीचा नाही. पिस्टनच्या रिंगा झिजून गाडी सतत धूर टाकत असेल तर जाड ऑइल वेळ मारून नेतं. पण माझ्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे, ऑइलच्या दाबावर चालणारे भाग. थंडीत सकाळी स्टार्ट केल्यावर त्यांची टकटक लवकर थांबेना, पिकअपही जड वाटायला लागला. इंजिनकाम पुढे ढकलायचं असेल तर हे ऑइल. नाहीतर माझा आग्रह नाही.

खरा प्रश्न उरलेल्या दोघांचा. ५डब्ल्यू-३० घातल्यावर गाडी हलकी पळते, हे मान्यच करायला हवं. सकाळचा पहिला सेल्फ, गिअर टाकल्यावरची ओढ, सगळंच मऊ. ॲव्हरेजही किंचित सुधारल्यासारखं वाटलं, पण ते मनाचे खेळही असतील. आता आकड्यांचं बघू. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. पाचचं ऑइल उणे ३५ अंशांना पंप होऊ शकलं पाहिजे, दहाचं उणे ३० अंशांना. साताऱ्यात जानेवारीत पारा दहा-बारापर्यंत उतरला तरी आपण कानटोपी शोधतो. म्हणजे या दोघांतला थंडीचा फरक आपल्याकडे फारसा वसूल होत नाही. मागचा आकडा तापलेल्या ऑइलचा, तो मात्र रोज भेटतो. शंभर अंशांना ३० ग्रेडची घनता... घनता नव्हे, दाटपणा म्हणू, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) असतो आणि ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३. तापलेल्या, ऑइल अडवणारी रबरी सील जुनी झालेल्या इंजिनाला हाच फरक जाणवतो.

आणि मला तो जाणवला वासाने. पुण्याहून येताना खंबाटकी चढून उतरलो, सुरूर-भुईंज मागे टाकलं की गाडी चांगली तापलेली असायची. धावत होती तोवर काही नाही. आनेवाडीच्या टोलच्या रांगेत उभी राहिली की एसीच्या जाळीतून जळक्या ऑइलचा वास आत. सौ. काच खाली करायची, बाहेरून ट्रकचा धूर यायचा, मग काच वर. "पुन्हा करपतंय काहीतरी," हे वाक्य ठरलेलं. धावताना वारा वास उडवून नेतो, उभ्या गाडीत तो बॉनेटखालून सरळ एसीच्या हवेत शिरतो.

कारणं दोन निघाली. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग उष्णतेने पापडासारखं कडक झालं होतं आणि ऑइल झिरपून एक्झॉस्टवर पडत होतं. ते स्वस्तातलं काम, लगेच करून घेतलं. तुम्हीही ऑइलचा ग्रेड बदलण्याआधी तेच करा. वास कमी झाला, पण गेला नाही. उरलेलं ऑइल क्रँकच्या मागच्या सीलमधून ओलावत खालच्या गरम पाइपवर जात होतं. ते सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून शहाणे मेकॅनिक सांगतात की क्लच प्लेट बदलायची वेळ येऊ द्या, सील त्याच मजुरीत होईल. माझी क्लच प्लेट अजून ठणठणीत. मधल्या काळात १०डब्ल्यू-४० घातलं आणि आनेवाडीचा वास जवळजवळ बंद झाला. सील अजूनही ओलं दिसतं, पण थेंब धरत नाही. यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरवर उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की आरशात निळसर धुराचा फुगा दिसायचा. व्हॉल्व्ह सील कडक झाली की उताराला इंजिन तिथून ऑइल ओढून घेतं, त्यातला प्रकार. तोही कमी झाला. थांबला म्हणणार नाही.

याचा दोष सिंथेटिकला देऊ नका. फुल सिंथेटिकमध्ये ५डब्ल्यू-४०ही मिळतं, आणि पैशाचा प्रश्न नसेल तर ते कदाचित दोन्हींपेक्षा सरस ठरेल. माझं गणित वेगळं आहे. जे ऑइल थोडं जळणार, थोडं गळणार आणि झिजलेल्या रिंगांमधून येणाऱ्या काजळीने लवकर काळं पडणार, त्याच्या दीर्घायुष्याचे पैसे कशाला मोजायचे? सेमी स्वस्त पडतं म्हणून मी दहा हजार किलोमीटरची वाट न बघता आधीच बदलतो. जुन्या इंजिनाला महागड्या ऑइलपेक्षा ताजं ऑइल अधिक मानवतं, असं माझं मत.

मात्र पुस्तिकेत ४० ग्रेडला परवानगी आहे का, हे आधी बघा. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत तापमानाच्या तक्त्यात दोन्ही ग्रेड होते. ०डब्ल्यू-२० सांगणाऱ्या अलीकडच्या गाड्यांना यातलं काही लावू नका. आणि तुमची गाडी ५डब्ल्यू-३०वर असून दोन बदल्यांच्या मध्ये पट्टीवरची पातळी हलत नसेल, खाली फरशी कोरडी असेल, तर तेच चालू ठेवा. डब्यावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचा एसएन किंवा एसपी दर्जा लिहिलेला असला की पेट्रोलच्या जुन्या गाडीला पुरतं. एसएन २०१०चं, एसपी २०२०चं, आणि नवं जुन्याच्या जागी चालतं.

डबा कुठलाही घ्या, सील स्वतःसमोर फोडायला लावा आणि रिकामा डबा गॅरेजवर सोडू नका. भोक पाडून घरी आणा. भरून पुन्हा विकले जाणारे डबे असतात, आणि त्यातलं ऑइल ना तीसचं असतं ना चाळीसचं.