जुन्या अ‍ॅनालॉग कॅमेऱ्यांसाठी व्हिडिओ सर्व्हर: चार चॅनेलच्या यंत्राचे परीक्षण

माहीममधल्या आमच्या सोसायटीत कॅमेरे चालू होते. मान टाकली होती ती डीव्हीआरने (कॅमेऱ्यांची चित्रे साठवणाऱ्या यंत्राने) आणि दोन विंगांमधून ऑफिसपर्यंत गेलेल्या को-ऍक्स केबलच्या (टीव्हीच्या केबलसारख्या गोल तारेच्या) काही जोडांनी. सगळे आयपी कॅमेरे (चित्र संगणकाच्या जाळ्यावर म्हणजे लॅनवर थेट पाठवणारे) नव्याने बसवायचे तर प्रत्येक मजल्यावरून लॅन केबल ओढावी लागली असती, आणि त्या मजुरीचा आकडा ऐकूनच कमिटीने विषय पुढे ढकलला होता. त्याऐवजी प्रत्येक विंगच्या मीटर रूममध्ये जुन्या कॅमेऱ्यांचे चित्र लॅनवर पाठवणारा चार चॅनेलचा एकेक व्हिडिओ सर्व्हर बसवण्यात आला. असे यंत्र मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत मिळते आणि आतला बोर्ड बहुधा सारखाच असतो, त्यामुळे येथे कंपनीपेक्षा यंत्राच्या गुणदोषांविषयीच लिहिणे उपयोगाचे ठरेल.

यंत्राचे काम थोडक्यात असे आहे: मागच्या बाजूच्या चार बीएनसी (को-ऍक्स जोडण्याच्या) तोंडांतून कॅमेऱ्यांचा पाल (जुन्या टीव्हीच्या पद्धतीचा) सिग्नल आत येतो, त्याचे एच.२६४ पद्धतीने आकुंचन होते आणि चारही चित्रे एकाच लॅन केबलने बाहेर पडतात. वीज पीओई (लॅन केबलमधूनच वीज देणाऱ्या) स्विचमधून त्याच केबलने येते. मात्र ही वीज फक्त यंत्रापुरती असते. अ‍ॅनालॉग कॅमेऱ्यांना लागणारा १२ व्होल्टचा पुरवठा पूर्वीसारखाच वेगळा ठेवावा लागतो, ही बाब दुकानदार क्वचितच आपणहून सांगतात.

सर्वांत मोठा लाभ झाला तो अनपेक्षित ठिकाणी. दूरच्या विंगमधल्या कॅमेऱ्यांच्या चित्रावरून वर्षानुवर्षे आडवे पट्टे सावकाश सरकत असत. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असला की को-ऍक्सच्या बाहेरच्या जाळीतून ५० हर्ट्‌झचा प्रवाह वाहतो आणि तो चित्रात उतरतो. कॅमेरा बदलून तो जात नाही. आता को-ऍक्स विंगच्या आतच संपते, पुढचा प्रवास लॅन केबलने होतो आणि लॅनच्या प्रत्येक तोंडाशी असलेला ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने अलग ठेवतो. पट्टे नाहीसे झाले. अंतर १०० मीटरपेक्षा अधिक असेल तर मध्ये आणखी एक स्विच लागेल. समुद्राजवळच्या दमट, खाऱ्या हवेत बीएनसीचे जोड हिरवे पडतात, म्हणून जुने जोड कापून नवे दाबून बसवून (क्रिम्प करून) घेणे आणि उघड्यावरच्या जोडांवर जलरोधक टेप गुंडाळणे हा खर्च मात्र टाळू नये. सर्व्हर खराब सिग्नलही तितक्याच इमानाने पुढे पाठवतो.

बदल होईपर्यंत जुना डीव्हीआर जमेल तसा चालू ठेवावा म्हणून काही ठिकाणी टी-कनेक्टर लावून एकच सिग्नल दोन्ही यंत्रांना देतात. अशा वेळी दोन्हीकडे ७५ ओहमचे टर्मिनेशन (केबलच्या टोकाला सिग्नल जिरवणारा रोध) राहिले तर चित्र काळपट होते. एका बाजूचे बंद करावे लागते. या सर्व्हरला त्यासाठी बटण नाही, सेटिंगही नाही, आणि ही उणीव या वर्गातल्या यंत्रात खटकते.

सेटिंगचा अनुभव संमिश्र आहे. आयपी पत्ता राउटरकडून आपोआप मिळतो, पण तो राउटर बंद-चालू झाल्यावर बदलू नये यासाठी स्थिर करून घेणे आवश्यक आहे. थेट चित्र दाखवणारे पान इंटरनेट एक्सप्लोररचे प्लगइन मागते, आणि मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर २०२२ मध्येच निवृत्त केला आहे. आरटीएसपीचा (थेट व्हिडिओ पाहण्याचा) पत्ता व्हीएलसी प्लेअरमध्ये टाकला की चित्र लगेच दिसते, म्हणून काम अडत नाही; तरीही इतक्या जुन्या पानासह यंत्र विकणे अक्षम्य आहे. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच लॉगिनला बदलण्याची सक्ती यंत्र करत नाही. २०१६ मध्ये मिराय नावाच्या बॉटनेटने (हॅक केलेल्या यंत्रांच्या जाळ्याने) अशाच न बदललेल्या पासवर्डांच्या आधारे जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, हे लक्षात घेता पासवर्ड स्वतःहून बदलावा आणि मोबाइलवर चित्र पाहण्याच्या हौसेपायी राउटरचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये.

घड्याळाकडेही लक्ष द्यावे. प्रत्येक सर्व्हर चित्रावर आपली वेळ उमटवतो, म्हणून दोन्ही सर्व्हर आणि एनव्हीआर (लॅनवरून आलेली चित्रे साठवणारे यंत्र) एकाच एनटीपी (अचूक वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरला जोडून वेळेचा विभाग +५:३० ठेवावा. चोरीनंतर पोलिसांना फुटेज देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते, आणि दोन कॅमेऱ्यांच्या वेळांत दहा मिनिटांचा फरक असलेले फुटेज कोणत्याही वकिलाला आवडणार नाही.

आता मुख्य प्रश्न, चित्राचा. सर्व्हरमुळे चित्र स्वच्छ होते, पण त्यातला तपशील वाढत नाही. पालच्या चित्रातून हा सर्व्हर ७०४ गुणिले ५७६ यापेक्षा अधिक पिक्सेल देत नाही. माणसाची ओळख खात्रीने पटवण्यासाठी आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकात मीटरमागे २५० पिक्सेल धरले आहेत; म्हणजे दृश्याची रुंदी सुमारे २.८ मीटर असेल तोवरच हे कॅमेरे त्या कसोटीला उतरतात. लिफ्टचे दार, जिन्याचे तोंड, मीटर रूम येथे ते पुरेसे आहेत. आठ मीटर रुंदीचे दृश्य टिपणाऱ्या गेटवरच्या कॅमेऱ्यात मात्र मीटरला ८८ पिक्सेल उरतात, अर्ध्या मीटरच्या नंबर प्लेटला ४४, आणि ‘एमएच’पासून धरलेल्या दहा अक्षर-अंकांत ते वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार येतात. नंबर वाचता येणार नाही. शिवाय पालच्या एकाआड एक ओळींच्या रचनेमुळे धावत्या स्कूटरच्या कडा दातेरी दिसतात. डीइंटरलेसिंग (या ओळी जुळवून घेणारी सोय) चालू केल्यावर हे बरेच सौम्य होते, म्हणून तो पर्याय बंद ठेवण्याचे काहीच कारण नाही.

खरेदीपूर्वी कॅमेऱ्यांचा प्रकारही तपासावा. अलीकडचे एचडी-टीव्हीआय किंवा एएचडी (जास्त तपशिलाचे अ‍ॅनालॉग) कॅमेरे त्याच बीएनसी केबलवर चालतात, पण हा सर्व्हर त्यांचा सिग्नल ओळखत नाही. कॅमेऱ्यावर सीव्हीबीएसचा (जुन्या अ‍ॅनालॉग सिग्नलवर नेणारा) स्विच असेल तरच चित्र येते, आणि तेही जुन्याच तपशिलाचे.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे: प्रत्येक कॅमेऱ्याला सेकंदाला १ मेगाबिट दिले तर दिवसाला १०.८ जीबी, आठ कॅमेऱ्यांचे ८६.४ जीबी, आणि तीस दिवसांसाठी सुमारे २.६ टीबी. ४ टीबीची डिस्क घेणे शहाणपणाचे.

गेटसाठी शेवटी एक स्वतंत्र आयपी कॅमेरा घेण्यात आला. २००८ मध्ये अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी सुरू केलेल्या ऑनव्हिफ या, वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी जुळवणाऱ्या मानकामुळे तो आणि सर्व्हरची चित्रे एनव्हीआरच्या एकाच यादीत दिसतात. मात्र एनव्हीआर सर्व्हरच्या प्रत्येक बीएनसी तोंडाला वेगळे चॅनेल मोजतो. त्यामुळे आठ जुने आणि एक नवा अशा नऊ कॅमेऱ्यांसाठी आठ चॅनेलचा एनव्हीआर चालत नाही, सोळाचाच घ्यावा लागतो.