काचेसारखी धार देणारी नळाची तोटी: दोन महिन्यांचा अनुभव

स्वयंपाकघरातल्या नळाला लॅमिनार, म्हणजे पाणी न घुसळता सरळ वाहू देणाऱ्या जाळीची तोटी बसवली आणि समाधान झालं. आधीची फेसाळ तोटी पाण्यात हवा मिसळायची, ही मिसळत नाही. धार इतकी नितळ, की तिच्यातून मागच्या टाइलवरची फुलं दिसतात.

शाळेत विज्ञान शिकवलेलं असल्यामुळे ती उघडून पाहिल्याशिवाय राहवलं नाही. आत मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं, प्रत्येक जेमतेम १ मिमी. सगळी करामत तिथेच आहे. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या अभियंत्याने १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची रेघ सोडली. वेग कमी तोवर रेघ सरळ. वाढवला की ती थरथरली, मग पार विस्कटली. वेगाला व्यासाने गुणून पाण्याच्या चिकटपणाने भागलं की एक आकडा मिळतो, रेनॉल्ड्स अंक; नळीत तो साधारण २००० च्या पुढे गेला की ही गडबड सुरू होते. माझ्या १० मिमीच्या नळातून १५ सेकंदांत लिटरभर पाणी येतं, म्हणजे आकडा ८००० च्या वर. बारीक छिद्रात तो हजाराच्या आसपासच राहतो.

नळ अगदी बारीक केला तर धार खाली थेंबांत तुटते. तो तोटीचा दोष नाही, पृष्ठताणाचा परिणाम आहे.

सोबतचा वॉशर मात्र फारच पातळ, आट्यांतून पाणी झिरपत होतं. जाड वॉशर घालावा लागला. आमचं पाणी बोअरचं. महिन्याभरात कडेची दोन छिद्रं क्षारांनी बुजली आणि धार एका बाजूला पिळवटली. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली, सकाळी पुन्हा काच.