आंबोलीची रात्रफेरी: चापडा या विषारी सापाचे फोटो, तेही दीड मीटरवरून

जुलैत आंबोलीला एका स्थानिक गाइडबरोबर रात्री साप बघायला गेले होते. आठ ते साडेदहा, माणशी ८०० रुपये. पैसे वसूल झाले. का ते सांगते, कारण गेल्या वर्षी दुसरीकडे फार वाईट अनुभव आला होता. तिथल्या माणसाने आम्हाला फोटो मिळावा म्हणून घोणस काठीने झुडपातून ओढून काढली. ती कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसत होती आणि आम्ही भोवती कोंडाळं करून उभे. ते फोटो मी पुसून टाकले.

इथल्या दादांनी आधी पडवीत बसवलं. जवळचं रुग्णालय कुठलं, वेळ आलीच तर गाडी कोण काढणार, हे पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाले, "आपल्याकडची साप चावल्यावर द्यायची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चारांवरची. चापड्यासाठी ती नाही. म्हणून ताई, हात कुठेही टेकायचा नाही, फांदीला तर नाहीच." चापडा चावून माणूस सहसा दगावत नाही, पण हात सुजतो आणि ठणका सोसवत नाही.

माझी ६० एमएमची मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळ जाऊन फोटो काढायची, त्यांनी बॅगेतच ठेवायला लावली. तेव्हा राग आला. माझ्या दुसऱ्या, लांबून फोटो काढायच्या ७०-३०० एमएम लेन्सला दीड मीटरच्या आत फोकसच होत नाही, म्हणजे फोटोच्या नादात पुढे सरकायचा प्रश्नच मिटला. कॅमेऱ्याची सेटिंग्ज: एफ ११, १/२००, आयएसओ ४००, फ्लॅशवर उजेड मऊ करणारा डिफ्यूजर.

मलबारी चापडा ओढ्याकाठच्या झुडपावर कमरेच्या उंचीवर होता आणि मी त्याच्यासमोरून पुढे निघूनही गेले होते! वाळक्या पानाच्या रंगाचा, मान दुमडून घेतलेला, बिलकुल न हलणारा. स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिला तेव्हा डोळा आणि नाकपुडी यांच्या मधला खड्डा दिसला. याच खड्ड्याने त्याला अंधारात उंदराच्या अंगातली ऊब कळते. खवल्यांवर पावसाचे थेंब होते. एक थेंब मानेवरून ओघळला, तरी तो हलला नाही. माणशी दहा फ्लॅश झाले की दादा "बास" म्हणत आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या खाली. फांदी वाकवणं नाही, पान बाजूला करणं नाही. चापडा कित्येक दिवस एकाच जागी दबा धरून बसतो. दादांनी तो आदल्या रात्रीच हेरून ठेवला होता, म्हणून शोधाशोध नव्हती.

कमी काय वाटलं? सहा जण जास्त होतात, चारच हवेत. अरुंद पायवाटेवर मागच्या दोघांना ताटकळावं लागलं. बायकांच्या मापाचे गमबूट नव्हते. मी दोन मोजे चढवून सात नंबरचे घातले आणि उतारावर पाय घसरत होता. शनिवार-रविवार टाळा, धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते.

फोटो खाली टाकलेत. झुडूप नेमकं कुठलं ते विचारू नका, दादांना तसा शब्द दिलाय. पुढच्या पावसाळ्यात लेकीला घेऊन जाणार आहे, गमबूट मात्र आपले आपण नेणार.