६२०५ साठी बोअर: एच७, जे७ की एन७?

६२०५ हे बॉल बेअरिंग: आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२. ते ज्यात बसतं त्या हाऊसिंगच्या ड्रॉइंगवर बोअरला (भोकाला) नुसतं ५२ लिहून भागत नाही. नेहमीच्या दर्जाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ च्या खाली १३ मायक्रॉनपर्यंत उतरतो, वर मात्र जात नाही. बोअरचा टॉलरन्स (मापात किती कमी-जास्त चालेल ते; एच७, जे७, एन७ ही त्याचीच नावं) निवडायचा तो हे धरून.

त्याआधी बघा, फिरतंय काय? पंपात किंवा मोटरीत शाफ्ट फिरतो आणि पट्ट्याची ओढ एकाच बाजूला असते. अशा वेळी आतली रेस (बेअरिंगची कडी) शाफ्टवर घट्ट हवी (शाफ्टला के६ टॉलरन्स चालतो), बाहेरची थोडी सैल असली तरी बिघडत नाही. उलट एका टोकाला ती सैल हवीच, म्हणजे शाफ्ट तापून लांबला की बेअरिंगला सरकायला जागा मिळते.

एच७ म्हणजे ५२ वर ० ते +३० मायक्रॉन. बेअरिंग हाताने बसतं, पण दोन्ही मापं टोकाला गेली तर ४३ मायक्रॉनची फट राहते. जे७ म्हणजे +१८ ते −१२: फार तर ३१ सैल, नाहीतर १२ घट्ट. कंपन असलेल्या मशीनला मी जे७ च देतो. तिथे एच७ मध्ये बाहेरची रेस हळूहळू फिरू लागते आणि बोअर खाते.

एन७ (−९ ते −३९) पुलीसाठी किंवा ट्रॉलीच्या चाकासाठी. तिथे हाऊसिंगच फिरतं, त्यामुळे बाहेरची रेस घट्ट आणि शाफ्टवरची सैल, एच६ किंवा जी६ (शाफ्टची, म्हणजे इंग्रजी लहान अक्षरातली). ‘मजबुतीसाठी’ म्हणून दोन्हीकडे आवळू नका. साध्या ६२०५ मध्ये आतला क्लिअरन्सच (गोळ्या आणि रेसमधली मोकळीक) ५ ते २० मायक्रॉन असतो, तो संपला की बेअरिंग गरम होणारच. दोन्हीकडे घट्ट बसवणं भागच असेल तर निदान सी३ (जास्त क्लिअरन्सचं बेअरिंग) घ्या. त्यात १३ ते २८ मिळतात.

ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगला हे गणित पुरत नाही. तापमान ५० अंशांनी चढलं की ५२ चा बोअर बेअरिंगपेक्षा साधारण ३० मायक्रॉन जास्त फुगतो. थंड असताना एन७ घट्ट वाटला, तरी चालू मशीनवर तो सैल पडू शकतो. म्हणून तिथे त्याहून घट्ट पी७ चा विचार करा, नाहीतर बीडाची स्लीव्ह घाला.

आणि माप बोअर गेजनेच घ्या, व्हर्निअरने नाही. तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळलेलं पातळ हाऊसिंग मशीनवर गोल दिसतं आणि सोडलं की तिकोनी होतं. दोन टोकांवर टेकणाऱ्या गेजला हा दोष दिसतही नाही. तो पकडायला तीन टेकणांचा गेज लागतो.