मायनस ८० चा फ्रीझर: १४ महिने वापरल्यावर, मुख्यतः त्या एका भोकाबद्दल

आमच्या विभागात सहा संशोधन ग्रुपना मिळून मायनस ८० चा, म्हणजे जैविक नमुने उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवायचा, एकच उभा फ्रीझर आहे. लिटर, कंप्रेसर वगैरे तुम्हाला माहीत असेलच. मला लिहायचंय ते दारावरच्या करंगळीएवढ्या भोकाबद्दल, म्हणजे प्रेशर पोर्टबद्दल.

दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते. दार लावल्यावर ती गार होऊन आकसते आणि दार आतून ओढून धरलं जातं. पोर्टमधून थोडी हवा आत आली की ते सुटतं. पण पुण्यातल्या पावसाळ्यात पोर्टमध्येच बर्फ धरतो. मग हातात आरएनएच्या (उबेत लवकर खराब होणाऱ्या नमुन्यांच्या) ट्यूब घेऊन, दार सुटेपर्यंत दहा-दहा मिनिटं ताटकळायचं. घाईत असलेला माणूस थांबत नाही, हँडलला हिसके देतो. आमच्याकडे वर्षभर हेच चाललं.

सप्टेंबरात रात्री दीडला वॉचमनकाकांचा फोन आला, "मॅडम, तुमचं ते मशीन केव्हाचं ओरडतंय." पोहोचले तर डिस्प्लेवर मायनस ५८. भरलेला फ्रीझर बंद राहिला तर थंडावा बराच वेळ धरतो, म्हणून दाराला कुणालाही हात लावू दिला नाही. सकाळी ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आला. त्याचा गॅस कोंडू नये म्हणून खिडक्या उघड्या टाकून, थर्माकोलच्या पेट्यांची झाकणं सैल ठेवून सगळं शेजारच्या विभागात हलवलं. त्या गडबडीत एका बॉक्सवरचा मास्किंग टेप गळून पडला. आत नमुन्यांच्या ८१ व्हायल (छोट्या कुप्या), मार्करची शाई इथेनॉलने पुसलेली. कुणाच्या, ते आजतागायत कळलेलं नाही. कुणाची तरी दोन-तीन वर्षांची मेहनत असणार, जीव तुटतो.

सर्व्हिसचा माणूस नवव्या दिवशी आला. तोवर मी ह्याला एकच तारा द्यायचं ठरवलं होतं. त्याने खालची जाळी काढली तर फिल्टरवर धुळीचा गोधडीसारखा थर. वर हिसक्यांनी गॅस्केटचा (दाराच्या कडेच्या रबरी पट्टीचा) एक कोपरा सुटलेला, तिथून हवा जाऊन आत बर्फाचा ढीग. कंप्रेसर बिचारा अखंड पळत होता. म्हणजे मशीन वाईट नव्हतं, हाल आम्हीच केले होते. तरी वॉरंटीत गॅस्केट बसत नाही म्हणून साडेअकरा हजार मोजावे लागले, तेही कंटिन्जन्सीतून, म्हणजे प्रोजेक्टच्या किरकोळ खर्चाच्या पैशातून. एवढ्या पैशात पिपेटला लावायच्या वर्षभराच्या टिप्स आल्या असत्या. ते अजून सलतं.

आता दर सोमवारी मी लाकडी काडीने पोर्ट मोकळा करते, महिन्याला फिल्टर झाडते. दारावर रॅकचा नकाशा लावलाय, क्रायो लेबल (अतिथंडीतही न सुटणारं लेबल) नसलेला बॉक्स आत जाऊ देत नाही. सेटिंग मायनस ७० वर आणलंय. वीज कमी लागते, कंप्रेसरवरचा ताणही उतरला. तेव्हापासून अलार्म नाही.

चार तारे देते. पाचवा त्या भोकापायी कापला. काही मॉडेलमध्ये पोर्टला छोटा हीटर असतो, तेवढा ह्यात असता तर लोक हँडलशी झटलेच नसते. घेणार असाल तर किमतीच्या आधी ते विचारा.