विज्ञानकथेचा शुक्रवार: रादिओ फ्रांसचं ॲप कसं आहे?

फ्रेंच बी-२ पर्यंत (म्हणजे मध्यमाच्या वरच्या पातळीपर्यंत) आलं असेल आणि विज्ञानकथा वाचायची आवड असेल, तर रादिओ फ्रांस या फ्रान्सच्या सार्वजनिक रेडिओचं ॲप एका कार्यक्रमासाठी घेतलं तरी वसूल. फुकटच आहे म्हणा. फ्रांस क्युल्त्युर वाहिनीवरचा ‘ला मेतोद सियांतिफिक’ हा तो कार्यक्रम. निकोला मार्तां यांनी तो २०१६ ते २०२२ चालवला, सोमवार ते शुक्रवार रोज तासभर. चार दिवस विज्ञान, शुक्रवारी विज्ञानकथा. पुढे मार्तां स्वतः कादंबरीकार झाले. शुक्रवारचे भाग ऐकले की त्याचं आश्चर्य वाटत नाही: पाहुण्या अभ्यासकाला ते लेखकाची थोरवी विचारत बसत नाहीत, कथेतलं जग कुठल्या नियमांवर उभं आहे ते विचारतात.

ऐकायला ॲप चांगलं, शोधायला कटकटीचं. ‘फक्त शुक्रवारचे भाग’ अशी चाळणी नाही. कार्यक्रमाच्या नावासोबत लेखकाचं आडनाव टाकून शोधा, नाहीतर यादीतल्या तारखा बघत खाली जावं लागतं. दुसऱ्या पॉडकास्ट ॲपवर जुने भाग सापडले नाहीत, तर ते कायमचे गेले असं समजू नका. तिथल्या फीडमध्ये (भागांच्या यादीत) बऱ्याचदा अलीकडचेच भाग असतात.

प्रवासाआधी वाय-फायवर भाग उतरवून ठेवा. आवाजाचा दर्जा १२८ केबीपीएस धरला तर तासाला साधारण ५८ एमबी. स्क्रीन बंद केल्यावर आवाज थांबत असेल तर दोष बहुधा फोनच्या बॅटरी-बचतीचा. सेटिंगमध्ये या ॲपला त्यातून सूट द्या.

मार्तां भरभर बोलतात, त्यात पाहुणे एकमेकांचं वाक्य तोडतात, मध्येच सिनेमाचे तुकडे वाजतात. सुरुवातीची प्रस्तावना मात्र लिहून आणलेली, स्वच्छ. आधी तेवढीच दोनदा ऐका, नावं टिपा, मग पुढे जा. ए-२ वाल्यांनी, म्हणजे प्राथमिक पातळीवरच्यांनी, या वाटेला जाऊच नये. त्यांच्यासाठी याच ॲपवर फ्रांस अँतेर या दुसऱ्या वाहिनीचं ‘यून इस्त्वार ए... ओली’ आहे: मुलांसाठीच्या छोट्या गोष्टी, लिहिणाऱ्यानेच सांगितलेल्या.

‘ला मेतोद’च्या वेळेला आता नाताशा त्रिऊ यांचा ‘ला सियांस, सेक्यूएफदे’ हा विज्ञानाचा कार्यक्रम लागतो. थेट ऐकायचा तर पॅरिसचे दुपारचे चार म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात, तेव्हा गजरही बदला.